प्रवेशअर्जाची कागदपत्रे कोणाच्या हाती सोपवावीत: नोंदणी टपाल, ईएमएस आणि एक्सप्रेस कुरिअर यांचे परीक्षण

शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जासोबत जी मूळ अथवा साक्षांकित कागदपत्रे टपालाने पाठवावी लागतात, ती गहाळ झाली तर त्यांची भरपाई पैशांत होत नाही. सहीशिक्क्याची गुणपत्रिका पुन्हा मिळवायची म्हणजे जुन्या संस्थेकडे नव्याने अर्ज करायचा, शुल्क भरायचे, संबंधित अधिकारी जागेवर येण्याची वाट पाहायची, आणि एवढे सगळे होईपर्यंत प्रवेशाची अंतिम तारीख निघून गेलेली असते. विद्यार्थ्यांची अशी पाकिटे तयार करून देण्याचे आणि ती पोहोचेपर्यंत त्यांचा माग ठेवण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्या कामात ज्या तीन प्रकारच्या सेवा वारंवार वापरल्या, त्यांचे हे परीक्षण आहे.

माझा निष्कर्ष आधीच सांगतो. हाताशी पुरेसे आठवडे असतील आणि पाकीट टपालपेटीच्या (पोस्ट बॉक्स क्रमांकाच्या) पत्त्यावर जायचे असेल, तर नोंदणी टपाल (रजिस्टर्ड पोस्ट) चांगले. दिवस मोजके असतील आणि पत्ता प्रत्यक्ष इमारतीचा असेल, तर एक्सप्रेस कुरिअर. या दोहोंच्या मधल्या बहुतेक सर्व प्रसंगी टपाल खात्यांची ईएमएस (एक्सप्रेस मेल सर्व्हिस) ही सेवा मला सर्वांत भरवशाची वाटते. साध्या टपालाने मूळ कागद कधीही पाठवू नयेत. जाहिरातीत वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, पण मी सेवेची पारख त्यावरून करत नाही. पाकीट शेवटी कोणाच्या हाती दिले याची नोंद ती किती नेमकी ठेवते, यावरून करतो.

सेवा निवडण्याआधी संस्थेची अट नीट वाचली पाहिजे, कारण अंतिम तारीख दोन प्रकारची असते. काही संस्था टपालाच्या शिक्क्यावरची तारीख ग्राह्य धरतात, तर काहींना त्या तारखेला कार्यालय बंद होण्यापूर्वी पाकीट हातात हवे असते. पहिल्या प्रकारात पाकीट रस्त्यावरच्या पत्रपेटीत टाकून येणे धोक्याचे आहे, कारण त्या दिवशीची शेवटची काढणी होऊन गेली असेल तर शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडतो; ते खिडकीवरच द्यावे आणि शिक्का स्पष्ट उमटला आहे हे डोळ्यांनी पाहावे. शिवाय खासगी कुरिअरच्या पाकिटावर टपालाचा शिक्का नसतोच. तेथे एअरवे बिलावरची, म्हणजे कुरिअरच्या पाठवणी-पावतीवरची, तारीख असते, आणि ती चालेल की नाही हे संस्थेला आधी लेखी विचारून घेतलेले बरे. दुसऱ्या प्रकारात घड्याळ आणि सुट्ट्या पाठवणाऱ्याच्या नसून घेणाऱ्याच्या असतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अनेक देशांतील विद्यापीठांची कार्यालये पूर्ण बंद असतात आणि जानेवारीच्या आरंभी तर कित्येक प्रवेशांच्या अंतिम तारखा असतात. या सापटीत सापडलेले पाकीट कितीही महाग सेवेने पाठवले तरी दार उघडेपर्यंत बाहेरच थांबते.

आता नोंदणी टपालाविषयी. १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून जागतिक टपाल संघ उभा राहिला आणि आज १९२ देश त्याचे सदस्य आहेत. एका देशात लावलेले तिकीट दुसऱ्या देशात चालते आणि तेथला पोस्टमन ते पत्र दारापर्यंत नेतो, ही व्यवस्था या संघामुळे आहे. नोंदणी टपालाचे बळही त्यातच आहे. एक्सप्रेस कंपन्यांच्या गाड्या ज्या गावात जात नाहीत, तेथेही टपाल जाते. त्याची उणीव मात्र तितकीच खरी आहे. पाकीट देशाबाहेर पडले की अनेकदा कित्येक दिवस त्याची काहीही खबर मिळत नाही, कारण मधल्या टप्प्यांवर नोंद करण्याची सक्ती कमी आणि घाईही कमी. ज्याला आठ दिवसांत उत्तर हवे आहे त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याच्याकडे दीड-दोन महिने आहेत, त्याला मी ही सेवा आजही निःशंकपणे सुचवतो.

पावतीवरच्या क्रमांकाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. टपाल संघाच्या मानकानुसार हा क्रमांक तेरा चिन्हांचा असतो: आरंभी दोन रोमन अक्षरे, मग आठ अंक, त्यानंतर एक तपासणी अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर आर असेल तर वस्तू नोंदणीची, ई असेल तर ईएमएसची. तपासणी अंक काढण्याची रीत सोपी आहे. आठ अंकांना क्रमाने ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणून बेरीज करायची, तिला ११ ने भागायचे आणि येणारी बाकी ११ मधून वजा करायची. उदाहरणार्थ, आठ अंक १२३४५६७८ असे असतील तर बेरीज २०४ येते, ११ ने भागल्यावर बाकी ६ उरते, आणि ११ मधून ६ गेले की ५. म्हणजे नववा अंक ५ असलाच पाहिजे. उत्तर १० आले तर ० आणि ११ आले तर ५ लिहितात. ही आकडेमोड रोज करण्याची गरज नाही, परंतु संस्थेला कळवताना क्रमांकातला एक अंक चुकला आणि पाकीट ‘सापडत नाही’ असे उत्तर आले, तर दोष टपालाचा की लिहिण्याचा हे कागद-पेन्सिलीवर घटकाभरात कळते. विद्यार्थ्यांनी फोनवर सांगितलेले क्रमांक मी याच रीतीने पडताळून घेतो.

ईएमएस ही टपाल खात्यांचीच वेगवान सेवा. टपाल संघाच्या छत्राखाली १९९८ मध्ये ईएमएस सहकारी संस्था स्थापन झाली आणि सदस्य खात्यांच्या कामगिरीचे मोजमाप ती करू लागली. मला ही सेवा आवडते ती तिच्या टप्प्यांच्या शिस्तीमुळे. प्रत्येक टप्प्याला ठरलेले चिन्ह आहे. ईएमए म्हणजे पाकीट स्वीकारले. ईएमबी म्हणजे ते पाठवणाऱ्या देशाच्या विदेश टपाल केंद्रात पोहोचले आणि ईएमसी म्हणजे तेथून निघाले. ईएमडी म्हणजे ते दुसऱ्या देशाच्या केंद्रात उतरले. ईएमई असेल तर सीमाशुल्क विभागाने थांबवले आहे. ईएमएफ म्हणजे त्या केंद्रातून सुटले, ईएमजी म्हणजे वाटपाच्या कार्यालयात आले, ईएमएच म्हणजे वाटपाचा प्रयत्न फसला, आणि ईएमआय म्हणजे पाकीट सुपूर्द झाले. सर्वसामान्य ग्राहकाला ही चिन्हे न दिसता त्यांची वाक्ये दिसतात, पण ती कोणत्या टप्प्याची आहेत हे ओळखता आले की काळजी कोठे करायची आणि कोठे करायची नाही हे समजते.

पालकांचे सर्वाधिक फोन येतात ते ईएमसी आणि ईएमडी यांच्या मधल्या काळात. ‘देशाबाहेर रवाना’ अशी नोंद दिसते आणि मग दोन-तीन दिवस काहीच हालत नाही. या काळात पिशवी विमान कंपनीच्या ताब्यात असते किंवा उतरून मोजणीची वाट पाहत असते. तेथे कोणाला फोन करून काही साधत नाही. याउलट ईएमएच ही नोंद दिसताच त्याच दिवशी हालचाल केली पाहिजे. वाटपाचा प्रयत्न फसला म्हणजे पाकीट स्थानिक कार्यालयात ठराविक मुदतीपर्यंत पडून राहते आणि मुदत संपली की उलट टपाली निघते. संस्थेच्या प्रवेश विभागाला क्रमांकासह लगेच मेल करावा, त्यांचा माणूस ते घेऊन येऊ शकतो किंवा पुन्हा वाटपाची मागणी नोंदवता येते. माझ्या पाहण्यात जी पाकिटे परत आली, त्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ही नोंद दिसत असूनही कोणी ती उघडून पाहिलेली नव्हती.

एक्सप्रेस कुरिअरचा धंदाच मुळात कागदपत्रांवर उभा राहिला. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेली डीएचएल ही कंपनी आरंभी जहाजांवरील मालाचे कागद विमानाने होनोलुलूला नेत असे, जेणेकरून जहाज बंदरात पोहोचण्याआधीच माल सोडवण्याची कारवाई सुरू व्हावी. फेडेक्सने १९७३ मध्ये मेम्फिसहून काम सुरू केले आणि सर्व पाकिटे रात्री एका केंद्रात आणून, तेथे वर्गवारी करून पहाटे पुन्हा पांगवण्याची पद्धत रूढ केली. ही पद्धत समजून घेतली की या सेवांचा एक नियम आपोआप समजतो: पाकीट उचलण्याची रोजची एक शेवटची वेळ असते, आणि ती दहा मिनिटांनी चुकली तरी अख्खा दिवस जातो, कारण त्या रात्रीचे विमान गेलेले असते. ‘तीन दिवसांत पोहोचते’ असे खिडकीवर सांगतात तेव्हा ते तीन कामकाजाचे दिवस असतात आणि त्यांची मोजणी पाकीट उचलल्यानंतर सुरू होते. शुक्रवारी संध्याकाळी दिलेल्या पाकिटाचा हिशेब म्हणूनच वेगळा लागतो.

वेग आणि वाटेतल्या नोंदी यांबाबत मोठ्या एक्सप्रेस कंपन्यांना तोड नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पाकीट बहुधा एकाच कंपनीच्या ताब्यात राहते, दर काही तासांनी त्याची नोंद होते आणि शेवटी सही करणाऱ्याचे नाव मिळते. परंतु दोन ठिकाणी ही सेवा कमी पडते. एक म्हणजे टपालपेटीचा पत्ता. अनेक विद्यापीठे प्रवेशाच्या कागदांसाठी टपालपेटीचा क्रमांक देतात, आणि तेथे एक्सप्रेस कुरिअरचा माणूस पाकीट देऊ शकत नाही, कारण त्याला इमारत, मजला, सही करणारी व्यक्ती आणि दूरध्वनी क्रमांक लागतो. अशा संस्था बहुधा कुरिअरसाठी दुसरा पत्ता देतात, पण तो सूचनांच्या अगदी तळाशी दिलेला असतो. तो शोधल्याशिवाय पाकीट बांधू नये.

दुसरे न्यून अधिक गंभीर आहे. मूळ कंपनीचे स्वतःचे जाळे जेथे नसते, तेथे शेवटचा टप्पा स्थानिक भागीदाराकडे सोपवला जातो, आणि नोंदीची शिस्त नेमकी तेथे सैल होते. एका विद्यार्थिनीचे पाकीट अशाच एका भागीदाराकडे गेले असताना ‘पत्त्यावर कोणी नव्हते’ अशी नोंद सकाळी अकरा वाजता पडली. त्या वेळी कार्यालय उघडे होते आणि प्रवेश विभागातील कर्मचारी त्याच पाकिटाची वाट पाहत होत्या. त्यांनी तसे लेखी कळवले. वाटप करणारा त्या दारापर्यंत गेलाच नव्हता, असे मानण्यावाचून गत्यंतर नव्हते. पाकीट दुसऱ्या दिवशी पोहोचले आणि संस्थेने ते स्वीकारले, म्हणून प्रवेश वाचला. तेव्हापासून ‘शेवटचे वाटप तुमचाच माणूस करणार आहे काय?’ हा प्रश्न मी पैसे भरण्याआधी विचारतो. या प्रश्नाचे उत्तर जो देऊ शकत नाही, त्याच्याकडे मी पाकीट देत नाही, मग दर कितीही कमी असो.

‘सुपूर्द’ अशी नोंद दिसली की पालक सुटकेचा श्वास टाकतात, आणि माझ्या मते सर्वाधिक निष्काळजीपणा येथेच होतो. मोठ्या संस्थेत ती सही प्रवेश विभागाची नसते, मध्यवर्ती टपाल कक्षाची असते. तेथून पाकीट अंतर्गत पिशवीतून विभागात जाते, तेथे ते उघडले जाते, कागद स्कॅन होतात आणि मग अर्जाच्या खात्यावर ‘मिळाले’ अशी खूण दिसते. हंगामात या कामाला एक-दोन आठवडे सहज लागतात. या प्रवासावर कोणत्याही टपाल किंवा कुरिअर सेवेचे नियंत्रण नाही; पाठवणाऱ्याचे मात्र थोडेसे आहे. पत्त्याच्या पहिल्या ओळीत विभागाचे नेमके नाव असावे. आतल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचे पारपत्रावरचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अर्जक्रमांक पेन्सिलीने किंवा चिकटपट्टीवर लिहावा, मूळ दाखल्यावर शाईने काही लिहू नये. गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये आणि अर्जावर आडनाव आधी, एवढ्या फरकानेही कागद दुसऱ्याच खात्यात किंवा बेवारस फाइलीत जाऊन पडतात.

लिफाफ्याविषयी दोन शब्द. ए४ आकाराचा कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो आणि सी४ लिफाफा २२९ गुणिले ३२४ मिलिमीटरचा, म्हणजे कागद न दुमडता आत बसतो. मागे एक जाड पुठ्ठा घालावा. संस्थेने सीलबंद करून दिलेला गुणपत्रिकेचा लिफाफा असेल तर त्याच्या झाकणाच्या चिकटलेल्या रेषेवर आडवा शिक्का आणि सही असते, अर्धी झाकणावर आणि अर्धी लिफाफ्यावर. ती रेषा तुटलेली दिसली तर घेणारी संस्था तो लिफाफा सहसा नाकारते. कुरिअरच्या खिडकीवर आतील वस्तू दाखवण्याची मागणी होते तेव्हा हा पेच उभा राहतो. बाहेरचे पाकीट उघडे ठेवून न्यावे, आतला सीलबंद लिफाफा दाखवावा आणि तो उघडता येणार नाही हे आधीच सांगावे. अनुभवी कर्मचारी लिफाफ्यावरचा शिक्का पाहून मान्य करतात. आणखी एक गोष्ट: कलाशाखेचे विद्यार्थी कागदांबरोबर पेन ड्राइव्ह घालतात. तसे केले की पाकीट ‘कागदपत्रे’ या वर्गात राहत नाही, त्याला सीमाशुल्काचे घोषणापत्र लागू शकते आणि दोन-चार दिवसांचा खोळंबा ओढवतो. फाइली दुव्याने पाठवाव्यात.

नुकसानभरपाईच्या बाबतीत या सर्व सेवा सारख्याच तोकड्या आहेत, आणि हे ग्राहकांना स्पष्ट सांगितले जात नाही याची मला खंत वाटते. विमानाने जाणाऱ्या मालाच्या नुकसानीची मर्यादा १९९९ च्या मॉन्ट्रियल करारान्वये वजनावर ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रतिकिलो २६ विशेष आहरण अधिकार (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक, एसडीआर) इतकी आहे. अर्ध्या किलोचे पाकीट हरवले तर तेरा; तेवढ्यात एका सहामाहीची पुस्तकेही येत नाहीत. टपालाच्या वस्तूंना हा करार लागू नाही, तेथे टपाल संघाचे नियम चालतात आणि नोंदणीच्या पत्राची भरपाईही किरकोळच असते. जादा विमा उतरवला तरी तो कागद पुन्हा काढण्याच्या खर्चापुरता उपयोगी पडतो; हुकलेल्या वर्षाची किंमत कोणताही विमा मोजत नाही. पैसे परतीची हमीदेखील फक्त वाहतूक शुल्काची असते. म्हणून जादा विम्यावर खर्च करण्यापेक्षा तीच रक्कम सहीशिक्क्याच्या दोन जादा प्रती काढून ठेवण्यावर खर्च करावी, असे मी प्रत्येक पालकाला सांगतो. पहिले पाकीट अडकले तर दुसरे त्याच दिवशी निघू शकते, आणि अशा वेळी दुसरे पाकीट मुद्दाम वेगळ्या सेवेने पाठवावे.

जेथे संस्था परवानगी देते तेथे कागद पाठवूच नयेत. अमेरिकेतील अनेक संस्था पार्चमेंट किंवा नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या गुणपत्रिका इलेक्ट्रॉनिक रीतीने पोहोचवणाऱ्या सेवांमार्फत थेट विद्यापीठाकडून विद्यापीठाला आलेली गुणपत्रिका स्वीकारतात. विद्यार्थ्याने स्वतः स्कॅन करून पाठवलेली प्रत आणि संस्थेकडून परस्पर आलेली प्रत यांत प्रवेश विभाग फरक करतो, हे ध्यानात ठेवावे. तरीही प्रवेश निश्चित झाल्यावर मूळ दाखला मागवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत, त्यामुळे पाकिटाचा प्रश्न संपत नाही, पुढे ढकलला जातो एवढेच.

उरला प्रश्न तक्रारीचा. आंतरराष्ट्रीय टपालाच्या वस्तूबाबत चौकशीचा अर्ज पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करता येतो. खासगी कंपन्यांची मुदत याहून पुष्कळ कमी असू शकते आणि ती एअरवे बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते. दोन्हीकडे पावतीची मूळ प्रत मागतात. खिडकीवरच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असल्यामुळे काही महिन्यांत कोऱ्या पडतात, तेव्हा पावती हातात येताच तिचा फोटो घ्यावा, अर्जक्रमांकाच्या नावाने साठवावा आणि विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘मिळाले’ ही खूण दिसेपर्यंत मूळ पावती प्रकाशापासून दूर, कोरड्या जागी ठेवावी.